चौथ्या गिअरात गप्प

वडिलांच्या पद्मिनीचं इंजिन उतरवलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. १०८९ सीसीचं, कुर्ल्याच्या कारखान्यातलं. त्याच्या जागी मोटर आली, डिकीत बॅटऱ्या आल्या. गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवला. स्टिअरिंगखालच्या त्या दांडीवर अजून वडिलांचा हात आहे असं मला वाटतं.

पहिल्याच फेरीत आवाज आला. काचेआड अडकलेल्या माशीसारखी बारीक, वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण. इंजिनाच्या धडधडीत असलं काही बुडून जातं. मोटर गप्प, म्हणून गिअरबॉक्सचं सगळं ऐकू येतं. जाड ऑइल घाला, दबेल, असं दोघांनी सांगितलं. मला तो दाबायचा नव्हता.

कोल्हापुरात उद्यमनगरातले मिस्त्री शेजारी बसले. डोळे मिटून म्हणाले, "चौथा टाका बघू." चौथा पडला आणि गुणगुण विझली. तिसऱ्यात परत आली. चौथ्यात ताकद सरळ आरपार जाते; बाकीच्या गिअरांत ती खालच्या लेशाफ्टवरून फिरून येते. म्हणजे डिफरन्शियल निर्दोष! एक दांडी हलली आणि अर्धी गाडी संशयातून सुटली.

बॉक्स खोलला. बेअरिंगं ठीक होती. पण पहिल्या जोडीच्या दातांना चकाकी फक्त एका कडेला, नखाएवढी. बाकी दात काळपट. "वाकडं चावतंय," मिस्त्री म्हणाले, "नाक लोंबकळतंय की ह्याचं."

इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात, छोट्या बेअरिंगवर टेकलेलं असतं. इंजिन गेलं तेव्हा तो टेकूही गेला. मोटरच्या नव्या कपलिंगला भोक होतं, पण ढिलं. इंजिनाचं वजन, उंची, बोल्टांच्या जागा, सगळं आम्ही मोजलं होतं. इतकी वर्षं त्या शाफ्टला त्याने बोटाचा आधार दिला होता, हे मनातही आलं नाही.

टर्नरने लेथवर गनमेटलचा बुश काढला. बसवून पाहिला, पुन्हा केसभर घेतला. मग शाफ्टचं नाक तेलात हलकेच सरकत आत गेलं.

पन्हाळ्याचा चढ तिसऱ्यात चढलो. नुसते टायर आणि वारा. उतरताना पाय उचलला, मोटर गाडीला मागे धरू लागली आणि एक पुसट सूर आला. आता दात दुसऱ्या अंगाने भिडत होते; पेट्रोलच्या दिवसांत त्या अंगावर एवढा भार क्वचितच आला असेल.

"परत उतरवायचा का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको," म्हटलं, आणि काच खाली केली.