बटणांची कुस्ती

कुस्तीचा व्हिडिओ गेम म्हणजे नुसती बटणं बडवणं, असं तुम्हाला वाटतं का? २०२२ साली आलेला 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२२' प्लेस्टेशनवर खेळून बघा. चौकोन दाबला की हलका वार, फुलीने जोरदार, गोलाने पकड. पण दादाने मला आधी त्रिकोण शिकवला. समोरच्याचा वार येताना खूण चमकते. नेमकं तेव्हाच दाबलं तर डाव उलटतो. वारांची साखळी सुरू झाली, की त्याचं पुढचं बटण ओळखून आपणही तेच दाबायचं. म्हणजे बोटांपेक्षा डोळ्यांचं काम जास्त!

दादा जूनमध्ये वसतिगृहात जाणार आहे. त्याआधी मला त्याला एकदा तरी हरवायचंय. आणि तो मुद्दाम हरला, तर मला लगेच कळेल. त्याचा खेळ आता मला पाठ आहे ना!