गाडीची नाडीपरीक्षा

माणसाच्या मनात संशय शिरला, की तो यंत्रे विकत घेऊ लागतो. निदान मी तरी घेतले.

गणपतीच्या सुमारास आमच्या २०१६ सालच्या पेट्रोल गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पंधरा वर्षे माझ्या गाड्या सांभाळणारे मिस्त्री बॉनेटपाशी क्षणभर उभे राहिले नि म्हणाले, "साहेब, मिसिंग आहे. एक कॉइल गेलीय." झाले! काही न उघडता यांना कळले कसे? घरी येऊन मी सौभाग्यवतींपाशी शंका बोलून दाखविली.

"पंधरा वर्षांत त्यांनी पाच रुपये तरी जास्त घेतलेत का?" त्या म्हणाल्या.

अशा प्रश्नाला नवऱ्यांपाशी उत्तर नसते. मी स्कॅनरच्या शोधाला लागलो.

स्टिअरिंगच्या खाली, पाय ठेवतो त्या अंगाला, सोळा पिनांची एक खोबण असते. अमेरिकेत १९९६ पासून ती प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. आपल्याकडे तो नियम २०१३ मध्ये आला. या खोबणीत स्कॅनर लावला, की गाडी आपले दुखणे आकड्यांत सांगते. प्रश्न एवढाच, की स्कॅनर कोणता? काडेपेटीएवढी ब्लूटूथची डबी हजाराच्या आत मिळते आणि मोबाइलवर बोलते. त्याच्या वरचा हातात धरायचा, स्वतःचा पडदा असलेला. आणि त्याहून वरचा गॅरेजवाल्यांचा, ज्याच्या किमतीत आमच्याकडचे एखादे लग्न नाही तरी मुंज नक्की उरकेल. स्वस्त डबीला बहुधा इंजिनापुरतेच कळते. ब्रेकचे एबीएस नि एअरबॅग यांची भाषा प्रत्येक कंपनीची निराळी, ती तिला येत नाही. आणखी एक मेख अशी, की बाजारातल्या बहुतेक डब्या ईएलएम ३२७ या कॅनडातल्या चिपच्या नकला आहेत आणि मूळ कंपनीच २०२२ मध्ये बंद झाली. मी चार रात्री जागून अखेर डबीच घेतली. मला इंजिनाचे दुखणे थोडेच जाणून घ्यायचे होते? मला मिस्त्रींना पकडायचे होते!

रविवारी सकाळी डबी लावली. मोबाइलवर उमटले : पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण हा आकडा सिलिंडर सांगतो, दोष नव्हे. प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉइलही असेल. तेव्हा इंजिन थंड असताना पहिली कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर चढविली, तिसरी पहिल्यावर. आकडा नोंदवून ठेवला, पुसला आणि एक फेरी मारून आलो. (न नोंदवता पुसणे म्हणजे वैद्य यायच्या आधी थर्मामीटर झटकणे! शिवाय वाटेत दिवा लुकलुकू लागला, तर गाडी तिथेच थांबवावी. तशीच दामटली तर सायलेन्सरकडचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.)

परत डबी लावली. पी०३०३.

दोष कॉइलबरोबर तिसऱ्या घरात राहायला गेला होता. मिस्त्रींचे निदान अक्षरशः खरे ठरले होते. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. पडदा पाहून त्या काही बोलल्या नाहीत, हे मला फार लागले.

दुपारी गॅरेजात गेलो. चार दिवस गाडी का आणली नाही, हे त्यांनी विचारले नाही. कॉइल बसवली, ठरलेलेच पैसे घेतले. न राहवून मी खिशातली डबी काढली आणि सगळे सांगून टाकले. का घेतली, तेही.

मिस्त्रींनी हात पुसले, डबी उलटसुलट पाहिली. कोपऱ्यात एक गाडी एअरबॅगचा दिवा लावून उभी होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हिचं सांगते का ही?"

"नाही. त्याला मोठा लागतो."

"कितीला येतो?"

मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, निम्मे मी घातले, तर यंत्र रविवारी तुमच्याकडे नि बाकीचे दिवस माझ्याकडे. चालेल?"