धावड्याची बुडं

येडशीच्या रामलिंगला येणारा माणूस महादेवाचं दर्शन घेतो, माकडांना शेंगदाणे टाकतो आणि परततो. रावणाशी झुंजून जटायू इथंच पडला म्हणतात. त्याची समाधीही दाखवतात. पण ओढ्यापासून जरा वर चढावं आणि धावड्याची बुडं बघावीत. एकाच बुडातून तीन-चार खोडं फाकलेली, मधे पालापाचोळ्यानं भरलेली खोबण. ती तुटलेल्या मूळ खोडाची जागा. कुऱ्हाड लागली तरी मुळं जिवंत असतात. धुमारे फुटतात, टिकतील ते खोड होतात. (वणव्यानंही असंच होतं, सगळाच आळ लाकूडतोड्यावर नको.) 1997 साली इथं अभयारण्य झालं, तेही जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. तोडणाऱ्यांची नावं कुठं नाहीत. त्यांची सही म्हणजे ही बुडं, एवढीच.

धावडा चिवट. बैलगाडीचा आस त्याचा, कुऱ्हाडीचा दांडाही त्याचाच. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण याच्याइतकी कुणाला लागू पडेल?

जंगलातून गेलेलं लाकूड शोधायचं तर गावातच यावं लागतं. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट तिथल्याच लामतुरे संग्रहालयात आहे. हजाराहून जास्त वर्षं जुनी मानतात. कोरणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. तो ओंडका कुणी पाडला, कुठून ओढून आणला, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि माळवदाची घरं. खांबांवर तुळया, तुळयांवर नाटा, त्यांवर फळ्या नाहीतर काटक्या आणि वर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात त्यावर आणखी माती पडायची, ओझं वाढतच जायचं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती बसल्या. जिथं नाटा थेट भिंतींवर टेकवलेल्या होत्या, तिथं सगळं छत झोपलेल्या माणसांवर आलं. खांब-तुळयांच्या खणाच्या घरांत मात्र कित्येक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा माळवद तोलून उभा राहिला. अर्थात भिंतीचे दगड आत पडले तर खणही काय करणार! पण ज्यांच्या डोक्यावरचं छत त्या रात्री टिकलं, ते कुणा अनामिक लाकूडतोड्याच्या घामावरच टिकलं होतं.

पुनर्वसनात सिमेंटची घरं आली. सुताराकडं दारं-खिडक्या तेवढ्या उरल्या. आता त्याही लोखंडी होत चालल्यात.