पेठ नाक्यावरून आत

पेठ नाक्याला महामार्ग सोडून डावीकडे वळलं की इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर), आष्टा आणि मग सांगली. एरवी या वळणावर वडापच्या जीपा आणि चहाच्या टपऱ्यांचीच वर्दळ असते. २०१९ च्या १५ ऑगस्टला सकाळी आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा नाका मदतीच्या गाड्यांनी तुंबला होता. शिरोलीजवळ पुराच्या पाण्याखाली गेलेला पुणे-बंगळूर महामार्ग नुकताच खुला झाला होता आणि महाराष्ट्रभरातून निघालेले ट्रक, टेम्पो, पिकअप एकदम येऊन थडकले होते. प्रत्येक गाडीला कापडी फलक, ‘पूरग्रस्तांसाठी मदत’. एका ट्रकवर मदत पाठवणाऱ्याचा फोटो एवढा मोठा होता की आत काय आहे ते लिहायला जागाच उरली नव्हती. सरकारी धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवल्याचा बोभाटा तोवर राज्यभर झालेला होता. त्यामुळे कुणाला त्याचं फारसं नवल वाटत नव्हतं.

त्या गर्दीतल्या एका टेम्पोला मात्र फलक नव्हता. गाडी आटपाडीकडची. आत कडब्याच्या पेंढ्या, आणि वर ज्वारीच्या भाकरींची गाठोडी, शेंगदाण्याच्या चटणीसकट. आटपाडी आणि जत हे तालुके सांगली जिल्ह्यातलेच, पण तिकडे त्याच महिन्यात दुष्काळ होता, जनावरं छावणीला होती. जिल्ह्याचं एक टोक बुडालेलं आणि दुसऱ्या टोकाला टँकर. मी टेम्पोवाल्याला विचारलं, “तुमच्याकडंच चारा नाही, मग हा कडबा?” तो म्हणाला, “आमच्या जनावरास्नी छावणीत तरी मिळतंय. हितल्यांचं दावणीलाच कुजलं की वो.” एवढं बोलून तो गाडीखाली वाकून टायर बघायला लागला.

आमच्या टेम्पोत झाडू, फिनेल, ब्लीचिंग पावडर, चटया, बॅटऱ्या, काड्यापेट्या आणि औषधं होती. आमच्या सोसायटीतल्या काही जणांना ही यादी अगदीच रुक्ष वाटली होती. आमच्यासोबत आलेल्या डॉक्टर मैत्रिणीने कुरुंदवाडच्या एका ओळखीच्या शिक्षकांना फोन करून ती मागवून घेतली होती, म्हणून टिकली.

आष्ट्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस शेंड्यापर्यंत मातकट झालेला. पाणी कुठवर चढलं होतं ते मोजायला पट्टी लागत नव्हती. कुजलेल्या सोयाबीनचा आणि मेलेल्या जनावरांचा वास काच बंद केली तरी आत येत होता. आणि इथूनच गाड्या अडवायला सुरुवात झाली. पोरं रस्त्यावर आडवी उभी, “हितंच उतरवा, म्होरं सगळ्यांना पावलंय.” आमच्या पुढच्या ट्रकमधल्या मुलांनी घाबरून म्हणा, उत्साहात म्हणा, मागचा फाळका उघडला आणि पुडे खाली फेकायला सुरुवात केली. मग जे व्हायचं तेच झालं. दांडग्यांनी दोन-दोन, तीन-तीन पुडे उचलले, एक म्हातारी चिखलात पडली आणि ट्रकमधला एकजण हे सगळं मोबाईलवर चित्रित करत होता. ती चित्रफीत नंतर कुठल्या मथळ्याखाली फिरली असेल ते सांगायला नको.

पण त्याच रस्त्याला, थोड्याच अंतरावर, दुसऱ्या एका गावाच्या देवळात वेगळंच चाललं होतं. तालमीची पोरं वही घेऊन बसलेली. घरागणिक नाव, माणसं किती, काय बुडालं, काय मिळालं. आम्ही थोड्या चटया देऊ केल्या तर वहीवाल्याने पान उलटून सांगितलं, “चटया झाल्या, दादा. फिनेल असंल तर द्या. आणि बिस्किटं असतील तर परत न्या, पोरं आता बिस्किटाला तोंड लावंनात.” एक मावशी नाव पुकारल्यावर पुढे आल्या आणि म्हणाल्या, “माझं मागल्या खेपेला मिळालंय, त्या कडंच्या वस्तीवरच्यांचं न्हाई अजून.”

ही दोन गावं. पाणी तेच, ऊस तोच, माणसंही नात्यागोत्यातली असणार. एका ठिकाणी लोक हावरे आणि दुसऱ्या ठिकाणी संत, असं मला पटत नाही. पहिल्या गावात कुणाला किती मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येकाने आपापलं पाहिलं. दुसऱ्या गावात वही होती. पूर माणसाचं खरं रूप दाखवतो असं त्या दिवसांत बऱ्याच जणांनी लिहिलं. मला तर वाटतं, पूर गावातली व्यवस्था दाखवतो आणि माणूस बराचसा त्या व्यवस्थेप्रमाणे वागतो.

सांगलीत शिरलो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फुटांची, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ चा महापूर ज्यांनी पाहिला होता ते “तवा हितपर्यंत आलं नव्हतं” म्हणून सामान पोटमाळ्यावर टाकून निर्धास्त राहिले, आणि पोटमाळेही बुडाले. गणपती पेठेत प्रत्येक दुकानापुढे ढीग: भिजलेली पोती, गाद्या, फुगून दारं न लागणारी कपाटं. नगर वाचनालयाची पुस्तकंही पाण्यात गेली होती. त्या दिवशी राखीपौर्णिमाही होती. चिखलाने माखलेल्या रस्त्यात बायका ताट घेऊन उभ्या होत्या आणि बचावाला आलेल्या जवानांना राख्या बांधत होत्या. त्यातली एक डोळे पुसत हसत होती आणि जवान, बहुधा उत्तरेकडचा, संकोचून पायाकडे बघत होता.

एका शाळेच्या पटांगणात जुन्या कपड्यांचा डोंगर पाहिला. फाटकी लुगडी, एका पायाचे मोजे, जरीचे घट्ट ब्लाऊज, उंच टाचांच्या चपला, आणि एक कोट. त्यावर पाऊस पडून सगळ्याला बुरशी आली होती. शाळेचे शिपाई म्हणाले, “हे जाळायला आता रॉकेल कुठनं आणू?” कपाट रिकामं करायचं पुण्य ज्यांनी पदरात पाडून घेतलं, त्यांना हा डोंगर दाखवायला हवा होता.

शाळेच्याच गल्लीत एका वयस्क व्यापाऱ्यांनी आम्हाला चहा पाजला. दुकानाची भिंत गळ्यापर्यंत ओली. ते चिडले होते, पण ट्रक लुटणाऱ्यांवर नाही. “लुटारू पावसाळ्यात दिसतात,” ते म्हणाले, “खरी लूट उन्हाळ्यात होते. ओढ्यात भराव टाकला, पूररेषेच्या आत प्लॉट पाडले, तेव्हा कुणी फोटो काढला नाही.” निळ्या पूररेषेच्या आत कोणकोणत्या इमारती आहेत हे त्यांना तोंडपाठ होतं. सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीनेही पुढे अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. तेव्हा काही ते छापून आलेलं नव्हतं. म्हाताऱ्याला मात्र ठाऊक होतं.

सांगलीतून वसगडेमार्गे ब्रह्मनाळला गेलो. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट इथे उलटली आणि १७ जणं गेली. त्यांत बायका आणि लहान मुलं जास्त. गावात कुणी फार बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, असं सगळीकडे छापून आलेलंच होतं. पण पाणी उंबऱ्याच्या आत आलेलं असताना, कडेवर लेकरू असताना, भरलेल्या बोटीकडे पाहून ‘मी पुढच्या खेपेला येते’ असं म्हणायला कुणाची छाती होईल? पुढची खेप येईल याची खात्री कुणी दिली होती? अशा बाईला स्वार्थी म्हणणारा माणूस कोरड्या घरात बसलेला असणार. कमी पडल्या त्या बोटी. दरवर्षी पाणी पाहणाऱ्या नदीकाठच्या गावाला धड बोट आणि पुरेशी लाईफ जॅकेटं नव्हती, त्याचा जाब त्या बाईला विचारायचा नसतो.

परत फिरून अंकली, जयसिंगपूर, शिरोळ करत कुरुंदवाडला पोहोचेपर्यंत तिसरा प्रहर झाला. पंचगंगा कृष्णेला मिळते ती नृसिंहवाडीला, इथून हाकेच्या अंतरावर. वाडीत पुराचं पाणी देवळात उत्तरेच्या दाराने शिरून दक्षिणेच्या दाराने निघालं की दक्षिणद्वार सोहळा म्हणून लोक स्नानाला लोटतात. पाणी इथे इतकं ओळखीचं. पण त्या वर्षी ते ओळख विसरल्यासारखं आलं.

शिक्षकांनी आमचं सामान उतरवून घेतलं, यादीवर खुणा केल्या आणि मग निवांत बोलायला लागले. बोटी येईपर्यंतचे पहिले दोन दिवस गूळ करायच्या काहिलीतून माणसं काढली, म्हणाले. गुऱ्हाळातली ती भली मोठी लोखंडी काहील पाण्यात टाकायची, आत म्हातारीकोतारी बसवायची आणि पोहणाऱ्या पोरांनी कडेला धरून ढकलत न्यायची. कोण कुणाच्या जातीचा, कुणाचा बांधावरून दावा चालू आहे, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही. नंतर, पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले तेव्हा मात्र सगळं आठवलं. “सरकारची मदत घरटी. शहराला १५ हजार, खेड्याला १० हजार. त्यातले ५ हजार रोख,” शिक्षक सांगत होते. “आता एका घरात तीन चुली झाल्यात. कालपर्यंत एकत्र जेवणारे भाऊ कागदावर वेगळे झालेत.” काहील ढकलणाऱ्यांपैकीही दोघे त्यांत होते. शिक्षकांनी नावं सांगितली नाहीत, आवाजात रागही नव्हता.

कुरुंदवाडात मशिदींमध्ये गणपती बसवायची जुनी रीत आहे. तीनच दिवसांपूर्वी बकरी ईद झाली होती आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी मुसलमान घरांनी ती साधेपणाने करून पैसे पूरग्रस्तांना दिले होते. सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवातही बऱ्याच मंडळांनी देखावे आवरते घेऊन वर्गणी इकडे वळवली. यावर भाषणं झाली, व्हायलाही हवीत. पण भाषणात न आलेली एक गोष्ट त्या शिक्षकांकडून कळली: बोट दारात येऊनही काही बायाबाप्ये गोठ्यातली म्हैस सोडून निघायला तयार नव्हते. जवान वैतागले, त्यांचं बरोबर होतं, त्यांना अजून चार घरं गाठायची होती. शेवटी दावी कापून, जनावरं पाण्यात मोकळी सोडून मगच ती माणसं बोटीत बसली. काही म्हशी पोहत वर निघाल्या. बऱ्याच निघाल्या नाहीत.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पुन्हा महापूर आला, महामार्ग शिरोलीला पुन्हा बंद पडला. पुन्हा येईल. तेव्हा ट्रक भरायच्या आधी ज्या गावाला जायचं तिथल्या एखाद्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा तालमीला फोन करा, यादी मागा आणि यादीत असेल तेवढंच न्या. महामार्गालगत गाडी थांबवू नका, आत जा. फाळक्यावरून फेकू नका, वहीवाल्याच्या हाती द्या. आणि जुने कपडे कृपा करून घरीच ठेवा.