दुधाच्या हिशोबासारखे ठिपके



गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी मी एक शंभर पानी वही आणली. उपवासकाळात रोज रात्री जपमाळेनंतर पानभर आत्मचिंतन लिहायचे ठरवले आणि नेमाने लिहिलेही. पवित्र सप्ताहात ती वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली, तेव्हा मात्र लाज वाटली. पानोपानी माझ्या सासूबाईच होत्या. त्यांनी औषध कसे थुंकले, रात्री कितीदा हाक मारली, एकच प्रश्न कितीदा विचारला, सगळे तारखेनिशी. त्यावर मी काय उत्तर दिले, ते एकाही पानावर नव्हते.

आईंचे वय ब्याऐंशी. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. मी पॅरिशच्या आजारी-भेट गटात आहे. टिळकवाडीत, शहापुरात अशाच आज्यांजवळ तासभर बसते, त्यांचे तेच ते बोलणे ऐकते, हात हातात घेते. आणि घरी येऊन चप्पल काढता काढता आईंवर खेकसते. माझ्या मुलीने एकदा विचारले होते, "मम्मी, तू बाहेरच्या आज्यांशी वेगळ्या आवाजात का बोलतेस?" हेही मी वहीत लिहिले नव्हते.

फादरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "तक्रार लिहिलीत त्यात काही वाईट नाही. तेरावे स्तोत्र काढून बघा, सुरुवातीलाच 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा आहे. पण तो देवाला विचारलेला आहे. तुमची वही कोणाशी बोलते?" मला उत्तर देता आले नाही.

मग त्यांनी संत इग्नेशियस लोयोलांची रीत सांगितली. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला 1548 साली पोपमहाशयांनी मान्यता दिली. त्यात एक अगदी साधा तक्ता आहे. प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा. सकाळी उठताच एकच दोष टाळण्याचा निश्चय करायचा. दुपारी जेवणानंतर एकेक तास आठवायचा आणि जितक्यांदा चुकलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर तसेच दुसऱ्या रेघेवर. मग आजची कालशी, या आठवड्याची मागच्याशी तुलना. चूक झाली त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, चार माणसांतही कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांना पानभर लिहायला सुचत नाही, त्यांनी हे जरूर करून बघावे. पेन्सिल पुरते.

पोप तेविसावे जॉन यांनी 1895 साली, सेमिनरीत असताना, चौदाव्या वर्षी असे टिपण सुरू केले आणि पोप झाल्यावरही सोडले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर ते पुस्तकरूपाने आले. तेच ते निश्चय पुन्हा पुन्हा केलेले वाचून मला धीर आला.

माझा दोष ठरलेलाच होता : आईंवर आवाज चढवणे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सात ठिपके, रात्रीपर्यंत आणखी नऊ. तोवर मला वाटत होते, दिवसातून एखाद्या वेळी होत असेल! तिसऱ्या आठवड्यात चारवर आले. मग घरात पाहुणे, त्यात सिलिंडर संपला, आणि पुन्हा अकरा.

एका दुपारी आईंनी ती वही उचलली. डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "काय गं हे? दुधाचा हिशोब? रतीब वाढवलास काय?"

"होय आई," मी म्हटले. खोटे बोलले, पण आवाज चढवला नव्हता. ठिपका द्यावा की नाही, यावर रात्री बराच वेळ गेला. शेवटी दिला.

दोन दिवसांनी त्यांच्या पलंगावर बसून खरे काय ते सांगितले. माझा आवाज कापत होता. त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग माझा हात थोपटून म्हणाल्या, "मग आज किती झाले?"

"तीन."

"कमीच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हे सगळे विसरल्या होत्या. वही टेबलावरच होती. चहा पिता पिता त्यांनी पुन्हा विचारले, "हा दुधाचा हिशोब का गं?" मी कप खाली ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.