ट्रंकेतली बंदूक

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा गणपती पेठेतील एका हळद व्यापाऱ्याच्या दुकानातही पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर भिजलेली पोती बाहेर काढण्यात आणि चोपड्या वाळवण्यात कित्येक दिवस गेले. मागच्या खोलीतील कपाट उघडले, तेव्हा गाळाने माखलेले एक प्लॅस्टिकचे यंत्र हाती लागले. तो जुना टीव्ही गेम होता.

"टाकून दे ते," अण्णा मुलाला म्हणाले. "एवढा माल गेला, आणि तू खेळणं काय धरून बसलास?"

मुलाने उत्तर दिले नाही. त्याने यंत्र स्वच्छ पाण्याने धुतले आणि वरच्या मजल्यावर सावलीत वाळत ठेवले.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचा टीव्ही गेम विक्रीस आणला. पुढे त्याच्या नकला जगभर निघाल्या. नव्वदच्या दशकात ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी ती यंत्रे आपल्याकडे घरोघरी पोहोचली. साताऱ्यात मोती चौकाजवळ राहणाऱ्या मामांनी एका दिवाळीत असेच एक यंत्र आणले. सुट्टीत जमलेली सारी भाचरे त्याभोवती बसत. एकाचा मारिओ खड्ड्यात पडला की दुसऱ्याची पाळी. पाळीवरून भांडण झाले की मामी टीव्हीच बंद करीत.

यंत्राबरोबर एक प्लॅस्टिकची बंदूकही होती. ती पडद्यावर रोखून उडणारी बदके टिपायची. १९८४ सालचा हा ‘डक हंट’ नावाचा खेळ मुलांना फार प्रिय होता. एके दिवशी आजी देवळातून आल्या आणि दारातच थबकल्या. पडद्यावर बदक कोसळत होते आणि मुले टाळ्या पिटत होती.

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी मुलांना जवळ बसवून यशोधर राजाची कथा सांगितली. राजमाता चंद्रमतीने देवीपुढे जीवाचा बळी देण्याचा हट्ट धरला. राजाने नकार दिला. पण आईचे मन मोडवेना, म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. पिठात जीव नव्हता. पण मारण्याचा संकल्प खरा होता. तेवढ्या संकल्पापायी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. कथा संपल्यावर आजींनी बंदूक उचलून नेली. मारिओ मात्र चालू राहिला. मुले मोठी झाल्यावर मामांनी यंत्र भाच्याला देऊन टाकले, आणि ते सांगलीला आले.

पुरानंतर दिवसभर नुकसानीचे हिशेब आणि येणी-देणी चालत. रात्री झोप येत नसे, तेव्हा मुलगा ते यंत्र उघडून बसे. गाळ सांध्यासांध्यात शिरला होता, तांब्याच्या रेषांवर हिरवट थर चढला होता. दात घासायचा जुना ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्याने सर्किट बोर्ड घासला. कॅसेटचे पितळी रंगाचे दात खोडरबराने उजळले. लहानपणी सारेच कॅसेटमध्ये फुंकर मारीत. पण श्वासातील ओलाव्याने ते दात उलट गंजतात, हे त्याला आता कळले होते. फुगलेले कपॅसिटर बदलले. पाच व्होल्टचा दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर निकामी झाला होता, तोही नवा बसवला. बाजारात कोणाचा किती माल गेला, याचा आकडा त्या दिवसांत रोज बदलत होता. या टेबलावर मात्र जे बिघडले होते ते मोजता येत होते, आणि एकेक करून दुरुस्त होत होते.

दिवाळीत तो मुलीला आणि यंत्राला घेऊन साताऱ्याला गेला. मामांच्या माडीवर पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही अजून होता. यंत्र जोडले, पडदा थरथरला, आणि ओळखीची धून वाजली. मामी आत गेल्या आणि आजींची ट्रंक उघडून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन आल्या. आजींना जाऊन बरीच वर्षे झाली होती. ती त्यांनी फेकून दिली असेल, असेच सर्वांना वाटत आले होते.

"दुसऱ्याची वस्तू टाकायची नाही, म्हणायच्या," मामी म्हणाल्या. "मुलं शहाणी झाली की देऊ."

नऊ वर्षांच्या मुलीने बंदूक हातात घेतली. "बाबा, यातून काय सुटतं?"

"काहीच नाही. ही बंदूक फक्त पाहते." चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होतो, आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतील भिंगाला तो उजेड दिसला, तर नेम लागला. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून तेथे ही बंदूक आंधळी ठरते.

मुलीने थोडा विचार केला. "मग बदकाला मारतं कोण?"

माडीवर क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्याने यशोधर राजाची कथा सांगितली, आजींनी सांगितली होती तशी. मुलीने ती शेवटपर्यंत ऐकली, बंदूक मांडीवर ठेवून.

त्याच कॅसेटमध्ये मातीच्या तबकड्या टिपण्याचा तिसरा खेळ आहे. लहानपणी तो कोणी लावलाच नव्हता. मुलीने तो लावला. पहिल्या दहांतल्या तीनच तबकड्या तिला फोडता आल्या, आणि तिने पाळी मामांकडे दिली.

सांगलीला परतताना यंत्र त्याने माडीवरच ठेवले. नदीपासून ते घर उंचावर होते, आणि तो टीव्हीही तेथेच होता. घरी अण्णांनी विचारले, "चाललं का ते?"

"चाललं," तो म्हणाला.

"पुढच्या खेपेला मीही येतो," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा चोपडीकडे वळले.