वुडवर्डवरच्या तीन पेठा

डेट्रॉइटला आलात तर एक प्रश्न जपून विचारा. 'फोर्ड की शेवी?' हा प्रश्न इथे 'चहा की कॉफी?' इतका साधा नाही. समोरचा माणूस पन्नाशीच्या पुढचा असेल आणि त्याच्या टोपीवर फोर्डचा निळा लंबगोल असेल, तर तुमचे दोन तास गेले म्हणून समजा. टोपीवर शेव्हरोलेचा सोनेरी बो-टाय असला तरी तेच. आणि तो डॉजवाला निघाला, तर घरी फोन करून सांगून टाका, जेवायला वाट बघू नका!

मी मूळचा कोल्हापूरचा. सध्या डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या गावात राहतो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. बरोबरच्या पुणेकरांना हा सगळा प्रकार येडेपणा वाटतो. मला नाही वाटला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ ही मॅच ज्याने बघितली आहे, त्याला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे टीम निवडायची नसते. ज्या पेठेत जन्मलात ती तुमची टीम. इथेही डिट्टो!

वुडवर्ड म्हणजे डेट्रॉइटच्या डाउनटाउनपासून निघून थेट पॉन्टियाक गावापर्यंत जाणारा रस्ता. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैलाचा तुकडा काँक्रीटचा झाला, तेव्हा तो बघायला लांबून लोक आले होते म्हणे. शहराबाहेर पडला की तो चांगला आठ लेनचा होतो, मधे हिरवळीचा पट्टा. डावीकडे वळायचं असेल तर थेट वळता येत नाही. पुढे जायचं, मधल्या पट्ट्यातून यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचं. नवीन माणूस वैतागतो, पण चकरा मारायला यापेक्षा भारी सोय नाही. साठच्या दशकातल्या पोरांनी हे बरोबर हेरलं. रात्री ड्राइव्ह-इनमध्ये बर्गर, मग सिग्नलला शेजारी आलेल्या गाडीकडे एक नजर, दिवा हिरवा झाला की सूऽऽम! कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा टेस्टिंगच्या गाड्या गुपचूप इथे आणायचे. टेस्ट ट्रॅकवर समोर प्रतिस्पर्धी नसतो ना!

भांडणाचं मूळ १९६४ मध्ये आहे. त्या वर्षाच्या मॉडेलांमध्ये पॉन्टियाकने मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन बसवून जीटीओ काढली. १ एप्रिलला क्रायस्लरच्या घरातली प्लिमथ बाराकुडा आली. आणि १७ एप्रिलला फोर्डने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये मस्टँग दाखवली. किंमत २,३६८ डॉलर्स. पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त खपली. बाराकुडा आधी येऊनही बिचारी मागे राहिली, आणि हे दुःख त्या पेठेतली मंडळी तुम्हाला आजही तारीखवार ऐकवतात. जनरल मोटर्सने १९६६ च्या सप्टेंबरमध्ये शेव्हरोले कॅमेरो आणली. पत्रकारांनी विचारलं, कॅमेरो म्हणजे काय? शेव्हरोलेवाल्यांनी सांगितलं, मस्टँग खाणारा एक छोटा, खुनशी प्राणी. अशी सुरुवात झाल्यावर पुढे काय होणार?

तिसरी पेठ मोपारवाल्यांची. मोपार म्हणजे मोटर आणि पार्ट्स, क्रायस्लरच्या सुट्या भागांचा जुना ब्रँड. पण डॉज, प्लिमथ, क्रायस्लर या सगळ्यांच्या भक्तांचं ते आडनाव होऊन बसलंय. संख्येने कमी, आवाजाने जास्त. त्यांचं दैवत म्हणजे ४२६ क्यूबिक इंचांचं, आपल्या भाषेत सात लिटरचं हेमी इंजिन. त्यांच्याकडची एक गोष्ट तर पिक्चरमध्ये शोभेल अशी. १९७० ची काळी डॉज चॅलेंजर वुडवर्डवर रात्री यायची, समोरच्याला धूळ चारायची आणि गायब व्हायची. ड्रायव्हर कोण, कुणालाच पत्ता नाही. लोकांनी नाव ठेवलं 'ब्लॅक घोस्ट'. तो निघाला गॉडफ्री क्वॉल्स, डेट्रॉइट पोलिसांतला मोटरसायकलवरचा हवालदार! म्हणजे दिवसा पावत्या फाडायच्या आणि रात्री स्वतःच रेस लावायची. त्याच्यानंतर मुलाने ती गाडी जपली आणि २०२३ च्या लिलावात ती दहा लाख डॉलर्सच्या वर गेली.

हे सगळं एका दिवसात बघायचं असेल तर ऑगस्टचा तिसरा शनिवार गाठा. 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ'. १९९५ साली फर्नडेल गावात सॉकरच्या मैदानासाठी वर्गणी जमवायची म्हणून सुरू झालेला हा उद्योग. वर्गणीसाठी सुरू झालेली गोष्ट सण होऊन बसते, हे आपल्याला काय नवीन? आता फर्नडेलपासून पॉन्टियाकपर्यंत सुमारे सोळा मैल गाड्याच गाड्या. लोक सकाळपासून फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. फर्नडेलला नाइन माइल रोडवर 'मस्टँग अ‍ॅली'. नजर जाईल तिथवर मस्टँग, सगळ्यांची बॉनेट उघडी. पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्या माणसाच्या चालीने सरकत असतात, एखादी तापून बाजूला होते आणि तीही समोरच्या पेठेची असेल तर टाळ्या पडतात. हवेत अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास. माझ्यासारख्याला सॉल्लिड आवडतो, बायकोला नाही.

चिडवाचिडवीचा स्टॉक मात्र साठ वर्षांत फारसा बदललेला नाही. फोर्ड म्हणजे 'रस्त्यावर मेलेली सापडली'. चॅलेंजर म्हणजे सोफा. आणि 'अमेरिकन मसल' म्हणून मिरवणारी ती चॅलेंजर बनायची कॅनडात, ब्रॅम्प्टनला. मस्टँगवाले हे दर पाच मिनिटांनी आठवण करून देतात, कारण त्यांची गाडी मिशिगनच्याच फ्लॅट रॉकमध्ये बनते.

हे फक्त टाइमपास आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. मग ओळखीच्या एका काकांकडे जेवायला गेलो. काका ऐंशीच्या दशकात आले, तिघांपैकी एका कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झाले. मी सहज म्हटलं, "काका, तुम्ही जपानी गाडी का नाही घेत? मायलेज तरी मिळेल."

काका हसले. "अरे बाळा, समोरच्या घरातला फोर्डमध्ये, बाजूचा जीएममध्ये, मागच्याचा जावई क्रायस्लरमध्ये. मी होंडा आणून उभी कुठे करू?"

काकू आतून म्हणाल्या, "ह्यांनी २००९ मध्ये काय दिवस काढले ते विचार त्याला."

त्या वर्षी जीएम आणि क्रायस्लर दोघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. फोर्डने केला नाही. एका रात्रीत टोपीवरच्या लोगोचा अर्थ बदलला. कुणाचं पेन्शन राहणार, कुणाचं घर बँकेकडे जाणार, हे त्यावर ठरायला लागलं. काका म्हणाले, त्या ऑगस्टला वुडवर्डवर कुणी कुणाला चिडवलं नाही. तेव्हा मला पार्किंगचा तो किस्सा नीट कळला. २००६ साली डिअरबॉर्नच्या ट्रक कारखान्यात फोर्डने नियमच केला होता, दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर गेटजवळ नाही, रस्त्यापलीकडे लावायची. ऐकायला विनोदी वाटतं. ज्याच्या बापाने, आज्याने त्या गेटवर कार्ड पंच केलंय त्याला वाटत नाही.

आता यातली मज्जा ऐका. हे सगळे एकमेकांचे इतके वैरी, पण मस्टँगचा दहा स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फोर्ड आणि जीएमने मिळून डेव्हलप केलाय. तोच कॅमेरोच्या झेडएल१ मध्येही. एकदा चहाच्या वेळी आमच्या वर्कशॉपमधल्या शेवीभक्त टेक्निशियनला मी हे ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यातला चांगला भाग आमचा."

पण हल्ली त्याचा मूड ठीक नसतो. पॉन्टियाक हा ब्रँड २०१० मध्येच बंद झाला. गावाचं नाव तेवढं उरलं. चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये संपली, त्याच महिन्यात कॅमेरोही. डॉजने नवी चार्जर आधी विजेवर आणली, मग पेट्रोलवाल्यांच्या समाधानासाठी सहा सिलिंडरचीही. व्ही-८ वाली मस्टँग एकटी शिल्लक आहे. मस्टँगवाल्यांनी खुश व्हावं, तर तेही विचित्र दिसतात. दुसरी टीम मैदानात उतरलीच नाही तर जिंकून करायचं काय, भावा? पुणेकरांनी तळेगाव आठवावं. तिथे २००८ मध्ये आलेला जीएमचा कारखाना २०२० च्या शेवटी थांबला आणि आता तो ह्युंदाईकडे आहे. रांजणगावात मात्र क्रायस्लरच्या घरातली जीप बनते. म्हणजे चाकण पट्ट्यातही या पेठांची मुळं पोचली होतीच की!

यायचं असेल तर तिकीट नाही, रस्ता सगळ्यांचा. शुक्रवारी संध्याकाळीच या, गर्दी कमी आणि गाड्या तितक्याच भारी. घडीची खुर्ची, टोपी आणि कानात घालायला बोळे आणा. पार्किंग मुख्य रस्त्यापासून लांब शोधा. एअरपोर्टवर भाड्याने मस्टँग मिळते, जरूर घ्या. फक्त ती घेऊन मोपारवाल्यांच्या टेंटसमोर थांबू नका. थांबलातच, तर ते आधी तुम्हाला हॉटडॉग देतील, मग बॉनेट उघडायला सांगतील आणि मग तिसरी पिढी येईपर्यंत सोडणार नाहीत.